थेलॉन नदीवर तीस दिवस पुरतील का? उत्तरेतल्या लांब कनू-मोहिमेचा हिशेब

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ कळेल. तुम्ही चार जण, दोन कनू (वल्ह्यांच्या लांबट, उघड्या होड्या). कॅनडाच्या उत्तरेतली थेलॉन नदी वरच्या तळ्यांपासून थेट बेकर लेक गावापर्यंत उतरायची आहे, मार्गदर्शक न घेता. अंतर सुमारे ९०० किलोमीटर, रजा ३० दिवसांची, म्हणून रोज ३० किलोमीटर. शांत पाण्यात आणि सोप्या रॅपिड्समध्ये (खडकांतून उसळत जाणाऱ्या वेगवान पाण्यात) चौघांचाही हात बसलेला आहे, पण आठवड्याहून मोठी सफर कोणीच केलेली नाही. विचारलंय मुख्यतः तीन गोष्टींबद्दल: कनू कोणती घ्यावी, बंदूक न्यावी का, आणि जेवणाचं वजन किती धरावं.

तिन्हींची उत्तरं पुढे देतो. पण ती उत्तरं मिळूनही तुमची योजना जशी आहे तशी पार पडणार नाही. अडचण सामानात नसून दिवसांच्या भागाकारात आहे. रजा किती यावरून तुम्ही रोजचा वेग काढलात. उत्तरेत उलट करावं लागतं: वेग नदी आणि वारा ठरवतात, त्यावरून दिवस निघतात, आणि दिवस कमी पडत असतील तर नदीचा तुकडा छोटा करायचा.

मी हिशेब कसा करतो ते सांगतो. सामानाने भरलेली कनू, बरा प्रवाह, मागून हलका वारा असा दिवस मिळाला तर ५० किलोमीटरही होतात. समोरून वारा असेल तर दिवसभर मान मोडून दहा होतात, आणि जोराचा असेल तर शून्य. ज्या दिवशी पाण्यात उतरता येतं त्या दिवसांची सरासरी मी २८ किलोमीटर धरतो. तुमच्यापेक्षा ताकदीचा गट असेल तर ३२ धरा, मोठे पोर्टेज (पाणी सोडून कनू आणि सामान काठाने वाहून न्यायचे टप्पे) असतील तर २२. शिवाय चारातला एक दिवस कनू हलणारच नाही असं गृहीत धरतो: वारा, पाऊस, कोणाचं तरी पोट, फाटलेला तंबू, किंवा सगळ्यांचे खांदे भरून आलेत म्हणून नुसतीच विश्रांती. आता ९०० भागिले २८, म्हणजे ३२ दिवस वल्हवण्याचे. चारातला एक बसून गेला की ते एकूण ४३ होतात. त्यावर तीन दिवस निखळ राखीव. ४६ दिवस झाले. तुमच्याकडे ३० आहेत.

हाच हिशेब उलटा करून बघा. ३० मधून तीन राखीव काढले की २७ उरतात, त्यातले तीन चतुर्थांश म्हणजे साधारण २० दिवस वल्हवता येतील, आणि २० गुणिले २८ म्हणजे ५६० किलोमीटर. एवढीच नदी तुमच्या रजेत बसते. काही वर्षी वारा मेहेरबान असतो आणि लोक ९०० किलोमीटर पस्तीस दिवसांत संपवतात. त्यांचे अनुभव वाचून योजना आखू नका. ज्यांना वाऱ्याने आठ दिवस एकाच जागी बसवलं, ते लोक सहसा लिहीत नाहीत.

वाऱ्याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण झाडांच्या प्रदेशात सराव केलेल्यांना त्याची कल्पना येत नाही. वृक्षरेषेच्या पलीकडे, ज्याला बॅरन लँड्स म्हणतात तिथे, वाऱ्याला अडवायला काही नाही. थेलॉनच्या काठाने स्प्रूसची झाडं अनपेक्षितपणे बरीच उत्तरेपर्यंत सोबत करतात, त्यामुळे वरच्या भागात माणूस निर्धास्त होतो. मग शेवटच्या टप्प्यात बेव्हर्ली, अ‍ॅबर्डीन आणि शुल्ट्झ अशी तीन मोठी तळी ओळीने येतात. नदी दिसेनाशी होते, प्रवाह जाणवत नाही आणि दुपारी लाटा उसळतात. म्हणजे ज्या दिवसांना उशीर सगळ्यात महाग पडतो, तेच दिवस सगळ्यात बेभरवशाचे. तिथे घड्याळ सोडून द्यायचं. जून-जुलैत रात्र काळी होतच नाही. संध्याकाळी जेवून झोपा, वारा पडला की मध्यरात्री किंवा पहाटे तीनला निघा आणि सकाळी दहाला तंबू ठोका. काठाला धरून चला. खाडीचं तोंड कापून सरळ जाण्याचा मोह होतो. काठापासून पोहून परत येता येणार नाही इतक्या आत जाण्याआधी आकाश, लाटा आणि सोबतच्या जोडीचे चेहरे तिन्ही बघा.

हंगामाची खिडकी लहान असते. नद्या साधारण जूनच्या मध्यापासून शेवटापर्यंत मोकळ्या होतात, मोठी तळी त्यानंतर, कधी जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात. शेजारच्या खोऱ्यातल्या डुबॉन्ट लेकवर तर ऐन उन्हाळ्यातही बर्फाचे तुकडे तरंगताना भेटतात. ऑगस्टच्या उत्तरार्धात रात्री गोठायला लागतात, आणि सप्टेंबरमध्ये बर्फाची वादळं येऊ शकतात. तुमच्यासारख्या गटाला मी जुलैच्या पहिल्या आठवड्यात निघायला सांगेन. डास आणि काळ्या माश्या तेव्हा भरात असतात, पण त्यांच्यावर जाळीचं जॅकेट आणि जाळीचा मंडप हा उपाय आहे. सप्टेंबरवर उपाय नाही.

याचं सगळ्यात कडू उदाहरण डुबॉन्ट नदीवरचंच आहे. १९५५ साली आर्थर मॉफॅट सहा जणांचा गट घेऊन तीन कनूंतून निघाला. उन्हाळाभर गट रेंगाळला, शिधा आटला, शिकारीवर भिस्त वाढली. सप्टेंबर उजाडला तेव्हा बेकर लेक अजून लांब होतं. १४ सप्टेंबरला एका रॅपिडमध्ये ते नीट पाहणी न करता शिरले, कनू उलटल्या आणि मॉफॅट थंडीने गारठून मेला. बाकीचे पाच जण बेकर लेकला पोहोचले. मला यात तो रॅपिड शेवटची कडी वाटतो. जुलैत कोणीही तिथे काठाला लागून रॅपिड बघितला असता. सप्टेंबरमध्ये, भुकेल्या पोटी, तेवढा अर्धा तासही जास्त वाटला. राखीव दिवस हे सुरक्षिततेचं साधन आहे असं मी म्हणतो ते याच अर्थाने. वेळ हाताशी असला की माणूस काठाला लागतो, वेळ संपत आला की जुगार खेळतो.

मग तुमच्या ५६० किलोमीटरचं काय करायचं? दोन रस्ते आहेत. पहिला, विमानाने खाली उतरायचं, म्हणजे हॅनबरी आणि थेलॉन यांच्या संगमाच्या आसपास. वरची तळी, थेलॉन कॅन्यनचं पोर्टेज आणि हॅनबरीवरचे धबधबे हे सगळं त्यामुळे टळतं, आणि पुढची नदी बहुतेक सौम्य आहे. त्या संगमाजवळच वॉर्डन्स ग्रोव्ह नावाची झाडी आहे. १९७८ च्या जानेवारीत सोव्हिएत उपग्रह कॉसमॉस ९५४ याच प्रदेशात कोसळला, आणि त्याचा एक किरणोत्सारी अवशेष तिथे हिवाळा काढणाऱ्या सहा जणांच्या गटाला सापडला. जगात इतकी जागा असताना तो नेमका माणसं असलेल्या एकमेव ठिकाणाजवळ पडला! असो. दुसरा रस्ता म्हणजे वरून निघायचं आणि तीन मोठ्या तळ्यांच्या आधी विमानाने बाहेर पडायचं. नदीचा सुंदर भाग मिळतो, तळ्यांवरचा जीवघेणा उशीर टळतो, पण विमानाचा खर्च दोनदा येतो, आणि ठरल्या तारखेला ठरल्या जागी पोहोचण्याचं दडपण राहतं. तुम्ही पहिल्यांदाच जाताय, तर मी पहिला रस्ता घेईन. शेवट गावात होतो, तिथून नियमित प्रवासी विमान असतं, दोन दिवस उशीर झाला तरी फक्त तिकीट बदलावं लागतं.

थेलॉनऐवजी कॉपरमाइन घ्यावी का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. आत्ता नको. ती लहान आहे, पण तिच्यात लागोपाठ मोठे रॅपिड्स आहेत, आणि कुग्लुक्तुक गावाच्या थोडंसं आधी ब्लडी फॉल्सला सगळं सामान खांद्यावर घ्यावं लागतं. लांबी कमी म्हणजे नदी सोपी, असं नसतं.

नदीचा अंदाज घरी बसून घेता येतो, आणि हिवाळ्यात हे काम चौघांनी मिळून करा. कॅनडा सरकारचे १:५०,००० आणि १:२,५०,००० प्रमाणाचे नकाशे फुकट उतरवून घेता येतात. मोठ्या प्रमाणावर, म्हणजे १:५०,००० वर, समोच्च रेषा नदीला जिथे जिथे छेदते तिथे खूण करा. दोन खुणांमधली उतरण भागिले अंतर, म्हणजे दर किलोमीटरला किती मीटर उतार ते कळतं. एक मीटरच्या आत असेल तर बहुधा निवांत. दोन-तीनच्या वर गेलं की ओझं भरलेल्या कनूला काम लागणार. पण हा आकडा फसवतोही. दहा किलोमीटरमध्ये दहा मीटर उतार सारखा पसरलेला असेल तर प्रवाह छान ओढतो; तेच दहा मीटर एका जागी असतील तर तो धबधबा आहे, आणि नकाशावर दोन्ही सारखेच दिसू शकतात. म्हणून उपग्रहाची चित्रं उघडून त्या जागी पांढरं पाणी दिसतं का ते बघा, आणि आधी गेलेल्यांची टिपणं त्याशी ताडून पाहा. काही जुन्या नकाशांत उंची फुटांत आहे, हे आधी तपासा. होकायंत्राचं चुंबकीय विचलन तर जुन्या नकाशावरून घेऊच नका. चुंबकीय उत्तर ध्रुव गेल्या काही दशकांत कॅनडाकडून सैबेरियाच्या दिशेने बराच सरकलाय, आणि या अक्षांशांवर तो फरक अंशांमध्ये मोजावा लागतो. नकाशे कागदावर छापून, जलरोधक पिशवीत, प्रत्येक कनूत एक संच. जीपीएस असू द्या, पण तो दुसरा.

पोर्टेजचा वेळही लोक कमी धरतात. एक किलोमीटरचं पोर्टेज आणि माणशी तीन खेपांचं सामान असेल तर चालणं पाच किलोमीटर होतं, त्यातलं तीन ओझ्यासकट, आणि वाट म्हणजे दगड, ओलं शेवाळ आणि गुडघाभर झुडपं. सामान दोन खेपांत बसवलंत तर चालणं तीनवर येतं. घरी सामान कमी करण्यासाठी घालवलेली एक संध्याकाळ इथे अक्षरशः किलोमीटरमध्ये परत मिळते.

आता तुमचे तीन प्रश्न.

कनू. साधारण १७ फुटी, खोल बुडाची, दगडावर आपटली तरी दबून परत सरळ होणाऱ्या प्लास्टिक थराची. पूर्वी यासाठी रॉयलेक्स हे साहित्य सर्वमान्य होतं. त्याचं उत्पादन २०१० च्या दशकात बंद झालं, आता त्याच जातीचे पर्यायी थर मिळतात. केव्हलारची हलकी कनू तळ्यांवर स्वर्ग आहे, पण उथळ दगडाळ पाण्यात मला तिची काळजी करत बसावं लागतं. तुमच्या योजनेत मी घडीची कनू गंभीरपणे विचारात घेईन: अ‍ॅल्युमिनियमचे दांडे आणि वर जाड कापडाचं कवच. लहान विमानात मावते, आणि शेवटी बेकर लेकहून प्रवासी विमानात सामान म्हणून परत आणता येते. कडक कनू तिथे पोहोचल्यावर तिचं करायचं काय हा मोठा प्रश्न असतो. विकायची, नाहीतर उन्हाळ्यात येणाऱ्या मालवाहू जहाजाने पाठवायची, आणि दोन्हींची व्यवस्था आधीच लावावी लागते. घडीच्या कनूचा तोटा म्हणजे वाऱ्यात ती जरा हळू चालते आणि धारदार दगडावर फाटू शकते. ठिगळ आणि गोंद सोबत हवेतच. कुठलीही घ्या, वरून झाकणारा स्प्रे-डेक हवा. मोठ्या लाटांपेक्षा तो थंड वारा आणि पावसातून पायांना वाचवतो, हा त्याचा जास्त उपयोग.

थंड पाण्याबद्दल इथेच सांगतो. मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेख्त यांनी लोकप्रिय केलेला एक आडाखा आहे: बर्फगार पाण्यात पडल्यावर श्वास ताब्यात यायला एक मिनिट, हातपाय कामाचे राहतात अशी दहा मिनिटं, आणि शुद्ध हरपेपर्यंत साधारण एक तास. यातला मधला आकडा महत्त्वाचा. दहा मिनिटांत तुम्ही काठावर किंवा उलटलेल्या कनूवर नसलात तर पुढचा तास फक्त लाइफ जॅकेट तुम्हाला तरंगत ठेवणार. म्हणून जॅकेट पूर्ण वेळ अंगात, बंद केलेलं. ड्रायसूट (आत पाणी न शिरू देणारा पोशाख) परवडत असेल तर कनूवर थोडी काटकसर करून तो घ्या. आणि नियम असा करा: जो रॅपिड घराजवळच्या नदीवर गंमत म्हणून मारला असता, तो इथे काठाने दोर लावून उतरवायचा किंवा पोर्टेज करायचा. उत्तरेत रॅपिडची श्रेणी मी मनातल्या मनात एक पायरी वर धरतो. पाणी तेवढंच असतं, चुकीची किंमत वेगळी असते.

बंदूक. थेलॉनवर ग्रिझली अस्वलं आहेत. ध्रुवीय अस्वलांचा मुख्य वावर समुद्रकिनाऱ्याला असतो. तुमच्या मार्गासाठी मी बंदूक नेणार नाही. चालवण्याचा पक्का सराव नसलेल्या माणसाच्या हातात, तंबूत, घाईत, ती अस्वलापेक्षा सोबत्यांना जास्त धोक्याची. नेणारच असाल तर परदेशी नागरिकांना सीमेवर ती जाहीर करून, अर्ज भरून, शुल्क द्यावं लागतं, आणि हँडगनचा विचारच सोडा. माणशी एक बेअर-स्प्रे (अस्वलावर मारायचा तिखट फवारा) घ्या, पण तो प्रवासी विमानाच्या सामानात चालत नाही, त्यामुळे उत्तरेत पोहोचल्यावर विकत घ्यावा लागतो. चार्टर, म्हणजे भाड्याने ठरवलेल्या, विमानात चढताना पायलटला आधी सांगा. केबिनमध्ये डबा फुटला तर काय होईल याची कल्पना करा. तो सहसा विमानाच्या तराफ्याच्या, म्हणजे ज्यांवर ते पाण्यात उतरतं त्या पोकळ पायांच्या, कप्प्यात ठेवला जातो. स्प्रे जवळूनच चालतो आणि समोरून वारा असेल तर तुमच्याच डोळ्यात येतो, म्हणून खरं संरक्षण मुक्कामाच्या शिस्तीत आहे: स्वयंपाक तंबूपासून लांब आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूला, अन्न घट्ट झाकणाच्या पिंपांत, माशांची आतडी खोल प्रवाहात. अन्न टांगायला टुंड्रावर झाड नसतं. लहान विद्युत कुंपण मिळतं, हलकंही असतं. झोप शांत लागते हा त्याचा पहिला फायदा.

जेवण. कोरडं अन्न माणशी रोज ८५० ग्रॅम धरा, उष्मांक चार हजारांच्या आसपास. चौघांना ३० दिवसांसाठी १०२ किलो होतात. तुम्ही ४६ दिवसांची मोहीम केली असती तर १५६. ही ५४ किलोंची तफावत विमानात, पोर्टेजवर आणि कनू पाण्यात किती खोल बसते त्यात, तिन्हीकडे दिसते. राखीव दिवसांचं अन्न याच आकड्यात धरलेलं आहे; ते वेगळ्या पिशवीत बांधा आणि शेवटच्या आठवड्यापर्यंत उघडू नका. चरबी भरपूर ठेवा: तूप, लोणी, सुकामेवा. तिसऱ्या आठवड्यात भूक बदलते, गोड नकोसं होतं आणि माणसं तुपाकडे बघायला लागतात.

मासे मिळतील, लेक ट्राउट आणि ग्रेलिंग भरपूर आहेत. पण ते जेवणाच्या हिशेबात धरू नका. याच थेलॉनच्या काठी १९२७ साली जॉन हॉर्नबी आणि त्याचे दोन तरुण सोबती, एडगर ख्रिश्चन आणि हॅरल्ड अ‍ॅडलार्ड, उपासमारीने मेले. कॅरिबूंचे (उत्तरेतल्या रानटी हरणांचे) कळप येतील, शिकार होईल आणि हिवाळा निभेल, असा हॉर्नबीचा हिशेब होता. कळप हुकले. त्यांची खोपटी आणि ख्रिश्चनने चुलीत ठेवलेली डायरी नंतर सापडली. हॉर्नबी नवखा नव्हता, या प्रदेशात त्याने वर्षानुवर्षं काढली होती, आणि म्हणूनच मला ही गोष्ट सांगावीशी वाटते. त्याच वर्षी मस्कऑक्स या लांब केसांच्या रानटी प्राण्याच्या रक्षणासाठी थेलॉनचं अभयारण्यही स्थापन झालं, आणि तुमचा बराच मार्ग त्यातूनच जातो. तिथे शिकार चालत नाही.

इंधनाचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो हवा होता. खालच्या भागात जळण मिळत नाही. चौघांना रोज ३५० मिलिलिटर व्हाइट गॅस (स्टोव्हचं द्रव इंधन) धरला तर ३० दिवसांना साडेदहा लिटर. प्रवासी विमानातून इंधन नेता येत नाही, त्यामुळे ते उत्तरेतल्या गावातच घ्यायचं, आणि चार्टर कंपनीला तसं आधी कळवायचं. दोन स्टोव्ह, एकाच बनावटीचे, म्हणजे एकाचे सुटे भाग दुसऱ्याला चालतात.

सामान भरताना एकच कसोटी लावा: दोनातली कुठलीही एक कनू सामानासकट गेली, तर उरलेल्या कनूत चौघांना चार-पाच दिवस जगवण्याइतकं आहे का? तंबू, स्टोव्ह, अन्न, औषधं, संपर्काचं साधन हे सगळं दोन्हीकडे विभागून. आग पेटवायचं साधन आणि जमल्यास एक संपर्कयंत्र लाइफ जॅकेटच्या खिशात. कनूला न बांधलेलं यंत्र कनू गेली की जातं, आणि बांधलेलं असलं तर कनूबरोबर जातं.

संपर्कासाठी इरिडियम या उपग्रहांच्या जाळ्यावर चालणारं संदेशयंत्र घ्या, ते ध्रुवापर्यंत चालतं. शिवाय उपग्रह फोन भाड्याने मिळतो, आणि डॉक्टरशी प्रत्यक्ष बोलता येणं याची सर संदेशाला येत नाही. पण बटण दाबलं की हेलिकॉप्टर येतं, ही समजूत काढून टाका. धुकं, वारा, आणि जवळच्या तळापासूनचं अंतर यामुळे मदतीला एक-दोन दिवस सहज लागू शकतात. तोवर तुम्हीच रुग्णवाहिका. म्हणून चौघांपैकी किमान दोघांनी दुर्गम भागातल्या प्रथमोपचाराचा ७०-८० तासांचा अभ्यासक्रम करावा असं मी आग्रहाने सांगेन. निघण्याआधी दंतवैद्याकडे जाऊन या. दुखरी दाढ ही उत्तरेतली सगळ्यात फालतू आणि सगळ्यात छळवादी अडचण आहे. विम्यात दुर्गम भागातून विमानाने बाहेर काढण्याचा खर्च येतो का ते लेखी विचारा. घरच्या एका माणसाकडे मार्ग, तारखा आणि अमुक दिवशी अमुक वेळेपर्यंत निरोप नाही आला तर कोणाला फोन करायचा, हे कागदावर लिहून ठेवा. ती तारीख तुमच्या अपेक्षित तारखेपेक्षा राखीव दिवसांनी पुढची असू द्या, नाहीतर वाऱ्यामुळे बसून राहिलात आणि इकडे शोधमोहीम सुरू झाली, असं होईल.

कागदपत्रांत दोन गोष्टी लोक विसरतात. तुमचा मार्ग नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये सुरू होतो आणि नुनावुतमध्ये संपतो. मासेमारीचे परवाने दोन्हींचे वेगळे. आणि नुनावुतमधल्या काही जमिनी इनुइट लोकांच्या मालकीच्या आहेत, त्यामुळे तुमचा मुक्काम कुठे पडतो ते संबंधित इनुइट संघटनेला आधी विचारा. काठाने जुन्या तंबूंची दगडी वर्तुळं आणि रचलेले दगड दिसतील. त्यातला एकही दगड हलवायचा नाही, चूल मांडायलाही नाही. तो कायद्याने संरक्षित वारसा आहे, आणि तिथल्या लोकांच्या आजी-आजोबांचं घर आहे.

गटाबद्दल मी कमी बोलतो, कारण ते तुम्हालाच माहीत. एवढंच: कोणताही रॅपिड किंवा तळं ओलांडण्याच्या बाबतीत चौघांपैकी एकाने नको म्हटलं तर विषय संपला, कारण विचारायचं नाही, नंतर टोमणा मारायचा नाही. हे घरी ठरवून घ्या. आणि यंदाच्या उन्हाळ्यात किमान दहा-बारा दिवसांची सलग सफर याच चौघांनी, याच जोड्यांनी करा, मग पुढच्या वर्षी थेलॉन. दहाव्या दिवशी ओले मोजे घालताना कोण कसं वागतं हे आठवड्याच्या सहलीत कळत नाही.

हे सगळं जमलं की पहिला फोन चार्टर विमानाला, तोही हिवाळ्यातच. चांगल्या तारखा लवकर जातात. यलोनाइफ आणि फोर्ट स्मिथ इथून तराफ्यावर उतरणारी विमानं मिळतात. त्यांना चौघांची वजनं आणि सामानाचं वजन खरं सांगा, दहा किलोही चोरू नका. अंतर वाढलं की इंधन जास्त लागतं आणि तेवढं सामान कमी नेता येतं. भाडं जाण्याचं आणि रिकाम्या परतीचं, दोन्हींचं असतं. कडक कनू विमानाच्या बाहेर बांधून नेतात का, हे विचारा, कारण सगळे नेत नाहीत. त्या तळ्यावरचा बर्फ गेल्या काही वर्षांत कधी फुटला हेही विचारा. पायलटांइतकं ते कोणालाच नेमकं माहीत नसतं. आणि ठरलेल्या दिवशी हवा खराब असेल तर किती दिवस थांबावं लागू शकतं? ते दिवस तुमच्या ३० मधून वजा होतात. दोन धरा, म्हणजे नकाशावर उतरण्याची जागा आणखी चाळीसेक किलोमीटर खाली सरकवावी लागेल.